४७६ जीबीतले १९ जीबी शिल्लक: गेमिंग लॅपटॉपची एसएसडी स्लो झाली की भरली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना: दोन वर्षं जुना गेमिंग लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई (म्हणजे वेगवान प्रकारची) एसएसडी, नवा होता तेव्हा पळायचा, आता गेम लोड व्हायला वेळ लागतो. परवा एक्स्टर्नल एसएसडीवरून गेमचा फोल्डर आत घेतला तर पहिले पाच-सहा जीबी सेकंदाला ९०० एमबीच्या आसपास गेले आणि मग जो स्पीड कोसळला तो ८०-९० वर, शेवटपर्यंत तिथंच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. क्रिस्टलडिस्कमार्क (ड्राइव्हचा स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर) मात्र ३४०० रीड दाखवतोय. सी ड्राइव्हवर १९ जीबी शिल्लक. आणि प्रश्न हा की एसएसडी मेली का, बदलू का.

मेली नसावी. पण "नसावी" म्हणतोय, "नाही" म्हणत नाहीये, कारण एक-दोन गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील, त्या खाली सांगतो. मी गेली बारा-तेरा वर्षं लॅपटॉप उघडतोय, आणि "एसएसडी स्लो झाली" म्हणून जी मशीन समोर येतात त्यात एसएसडी खरोखर खराब निघाली असं फार थोड्या वेळा होतं. म्हणजे माणूस उगाच तक्रार करतो असंही नाही. अडचण अशी की मोठी फाईल लिहिताना स्लो, जुनी फाईल वाचताना स्लो, बारीकसारीक हजार फाईली असल्या की स्लो, तापल्यावर स्लो, ह्या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. तुमच्याही दोन तक्रारी एकात एक मिसळल्यात, कॉपीची एक आणि गेम लोडची एक. आधी कॉपीची घेतो, कारण ती तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच जवळपास सुटलीय.

उत्तर त्या १९ जीबीत आहे. ५१२ जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४७६ दिसते, त्यातले १९ म्हणजे चार टक्के. धिस पीसी उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसत असेल, दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ती लाल होते. यावर सगळे एकच म्हणतात, अहो पण जागा शिल्लक आहे ना अजून. आहे, पण एसएसडीला मोकळी जागा नुसती सामान ठेवायला लागत नाही, हात-पाय हलवायला लागते.

कसं ते बघा. आजच्या बहुतेक एसएसडी टीएलसी नाहीतर क्यूएलसी असतात. टीएलसीच्या एका सेलमध्ये (डेटा साठवायच्या सगळ्यात छोट्या खणात) तीन बिट, क्यूएलसीच्या एका सेलमध्ये चार. जितके जास्त बिट कोंबायचे तितकं लिहिण्याचं काम नाजूक आणि हळू. म्हणून कंट्रोलर (एसएसडीचा स्वतःचा छोटा प्रोसेसर) एक युक्ती करतो, रिकाम्या सेलमध्ये घाईघाईत एकेकच बिट लिहून टाकतो, ते झटपट होतं, आणि मग तुम्ही काही करत नसाल तेव्हा ते सगळं दाबून-दाबून तीन किंवा चार बिटांच्या पद्धतीनं परत लिहून ठेवतो. ही एसएलसी कॅशे. खोक्यावर जो राइट स्पीड मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो ह्या कॅशेचा असतो, मूळ चिपचा नाही. आता हिशोब करा: क्यूएलसीवर एक जीबी असा सैल लिहायला चार जीबीची जागा लागते, टीएलसीवर तीन. १९ जीबी मोकळे असताना कॅशे किती होणार? पाच-सहा जीबी. आणि तुमचा स्पीड कुठं कोसळला? पाच-सहा जीबीवर. (अगदी इतकं काटेकोर जुळतंच असं नाही हां, काही ड्राइव्हमध्ये थोडी कायमची राखीव कॅशे असते, शिवाय विंडोज कॉपीचा सुरुवातीचा भाग रॅममध्ये धरून ठेवतं आणि डायलॉगमध्ये खोटा जोर दाखवतं. पण अंदाज पक्का आहे.)

कॅशे संपली की पुढचं दुखणं सुरू होतं. नवीन डेटा येतोच आहे आणि कॅशेतला जुना हलवून जागाही करायची आहे, दोन्ही कामं एकाच वेळी. त्यात एसएसडीची एक सवय अशी की लिहिते छोट्या पानांत पण पुसते अख्ख्या ब्लॉकमध्ये, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं. ब्लॉकमधली अर्धी पानं कामाची असतील तर ती आधी दुसरीकडे नेऊन ठेवायची, मग ब्लॉक पुसायचा, मग नवीन लिहायचं. लहानपणी ते आकडे सरकवायचं चौकोनी कोडं खेळला असाल, पंधरा तुकडे आणि एकच घर रिकामं. एक आकडा जागेवर आणायला दहा सरकवावे लागतात. भरलेल्या एसएसडीचं डिट्टो तेच. क्यूएलसी ड्राइव्ह अशा वेळी शंभर एमबीच्या खाली येणं, म्हणजे साध्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू होणं, ह्यात नवल काहीच नाही. तुमचा मॉडेल नंबर तुम्ही दिला नाहीये, पण ८०-९० हा आकडा बघून मला तरी क्यूएलसीचाच वास येतोय. चांगली टीएलसी असती तर कॅशे संपल्यावरही सहसा काहीशे एमबी तरी राहिले असते.

आता तुम्ही म्हणाल, गरम होऊन स्पीड पडला नसेल कशावरून? रास्त शंका आहे, गेमिंग लॅपटॉपमध्ये तर जास्तच, कारण सीपीयू-जीपीयूच्या पाइप पंख्यांपर्यंत जातात आणि एसएसडी बिचारी बाजूला त्याच तापलेल्या डब्यात पडलेली असते. मी तरी आधी कॉपीच्या ग्राफचा आकार बघतो. कॉपी चालू असताना "मोर डिटेल्स" दाबलं की तो हिरवा ग्राफ दिसतो. कॅशे संपली असेल तर तो कड्यावरून पडल्यासारखा एकदा पडतो आणि खाली सपाट राहतो. तापत असेल तर करवतीच्या दात्यांसारखा होतो, खाली-वर, खाली-वर, कारण ड्राइव्ह तापते, स्वतःला आवरते, जरा निवते, परत पळते. तुम्ही "शेवटपर्यंत तिथंच" लिहिलंय, म्हणजे पहिला प्रकार. तरी खात्रीसाठी कॉपीच्या वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा एचडब्ल्यूइन्फो (दोन्ही हार्डवेअरची माहिती दाखवणारी सॉफ्टवेअर) उघडं ठेवून तापमान बघा. साधारण ७० डिग्रीपर्यंत काही चिंता नाही, ८० च्या पुढं जात असेल तर उष्णतेचाही हात आहे. नेमकी कुठं आवरायला लागते ते मॉडेलवर आहे, सगळ्यांचं एकसारखं नसतं. आणि टेस्ट दोनदा करा, एकदा लॅपटॉप थंड असताना आणि एकदा तासभर गेम खेळल्यावर लगेच. पहिल्यांदा ठीक आणि दुसऱ्यांदा ढेपाळली तर मग पंखे साफ करणं, मागची बाजू उचलून ठेवणं, एसएसडीवरचा थर्मल पॅड नीट टेकतोय का बघणं.

पॅडवरून आठवलं. एक लॅपटॉप आला होता, गेम सुरू केला की वीस मिनिटांत अडकायला लागायचा, मालकानं विंडोज तीनदा नवीन टाकून झालेलं. खालचं कव्हर काढलं, एसएसडीवर मस्त जाड पॅड लावलेला, वर पत्र्याचं झाकण, सगळं व्यवस्थित. पॅड नखानं उचलला तर खाली निळी पातळ प्लास्टिकची फिल्म तशीच, लावणाऱ्यानं सोललीच नव्हती. फिल्म काढली, पॅड परत बसवला, झालं काम. तीन वेळा विंडोज टाकून त्या फिल्मला काय फरक पडणार होता.

बरं, मग क्रिस्टलडिस्कमार्क ३४०० कसा दाखवतो? कारण तो नेहमीच्या सेटिंगला एक जीबीची फाईल लिहितो आणि तीच वाचतो. एक जीबी तुमच्या उरलेल्या कॅशेत आरामात बसते. म्हणजे तो ड्राइव्हचा सगळ्यात ताजा, सगळ्यात सैल लिहिलेला भाग मोजतोय. त्या ३४०० चा उपयोग एवढाच की लिंक बरोबर आहे हे कळलं. पीसीआयई म्हणजे एसएसडी आणि प्रोसेसरमधला रस्ता, त्याच्या ३.० पिढीच्या चार लेनवर साधारण ३५०० च मिळतात, दोनच लेन असत्या तर १७०० च्या आसपास अडकला असता, आणि साटा (जुन्या, हळू जोडणीची एसएसडी) असती तर ५५० च्या पुढं गेलाच नसता. म्हणून स्लॉटचा संशय तुमच्या बाबतीत सोडून द्या. हे मुद्दाम सांगतोय कारण दुसऱ्या स्लॉटमध्ये ड्राइव्ह टाकणारे इथंच फसतात, ४.० ची महागडी ड्राइव्ह आणतात आणि तो स्लॉट निघतो ३.० चा, कधीकधी दोनच लेनचा. रायझन ५००० च्या एच सिरीजचे जे लॅपटॉप आहेत त्यांचा प्रोसेसरच पीसीआयई ३.० वर थांबतो, तिथं ४.० ची कुठलीही ड्राइव्ह लावा, ३५०० च. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये "ट्रान्सफर मोड" समोर दोन गोष्टी असतात, डावीकडे सध्या काय चाललंय ते, उजवीकडे ड्राइव्हची कुवत. दोन्ही सारखं नसेल तर ड्राइव्हला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आता गेम लोड. इथं माझा सूर जरा सावध आहे, कारण खूप गोष्टी मध्ये येतात. गेम लोड होताना डिस्कवरून डेटा येतो, मग सीपीयू तो उलगडतो, मग शेडर (ग्राफिक्स रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होतात, मग काही जीपीयूकडे जातं. बऱ्याच गेममध्ये डिस्क मोकळी बसलेली असते आणि सीपीयू घाम गाळत असतो. म्हणूनच साटा एसएसडी आणि एनव्हीएमई ह्यांच्या आकड्यात सहापट फरक असूनही लोडिंग स्क्रीनला कित्येकदा दोन-चार सेकंदांचाच फरक पडतो. तुम्ही सायलेंट मोडवर किंवा बॅटरीवर खेळत असाल तर आधी चार्जर लावून परफॉर्मन्स मोडवर तोच सेव्ह लोड करून घड्याळ लावा. तिथंच फरक दिसला तर एसएसडीचा विषय संपला. मागं ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे असतील तर १६ जीबी रॅमही भरते, मग विंडोज पेजफाईल (रॅम पुरेना की डिस्कवर वापरायची जागा) वापरायला लागतं आणि ती कुठं आहे? त्याच गच्च भरलेल्या सी ड्राइव्हवर.

पण एक गोष्ट अशी आहे की जी फार कमी लोक तपासतात, ती म्हणजे जुना डेटा. सेलमध्ये साठवलेला चार्ज काळाबरोबर हळूहळू सरकतो. कंट्रोलर वाचायला जातो, एका झटक्यात कळत नाही, परत वाचतो, परत वाचतो, आणि त्या फाईलीपुरता स्पीड पडतो. २०१४ मध्ये सॅमसंग ८४० ईव्हीओवर हे प्रकरण चांगलंच गाजलं होतं, नव्या फाईली सुसाट आणि काही महिने जुन्या फाईली रांगत. कंपनीला फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि जुना डेटा परत लिहून देणारं टूल काढावं लागलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक फर्मवेअर. आजचे कंट्रोलर हे बरंच चांगलं सांभाळतात, पण स्वस्तातल्या ड्राइव्हमध्ये अजूनही दिसतं. तुमच्याकडं दोन वर्षांपूर्वी टाकलेला आणि तेव्हापासून फारसा अपडेट न झालेला एखादा मोठा गेम असेल तर त्यातली दहा-वीस जीबीची फाईल शोधा. लॅपटॉप रीस्टार्ट करा (नाहीतर ती रॅममधूनच वाचली जाईल), मग सेव्हन-झिप असेल तर राइट क्लिक करून सीआरसी-३२ (अख्खी फाईल वाचून काढायचा तपासणी-आकडा) काढायला लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये रीड स्पीड बघा. मग परवा कॉपी केलेल्या फाईलीवर तेच करा. नवीन फाईल हजाराच्या पुढं आणि जुनी शंभर-दीडशेला रखडत असेल तर चोर सापडला. उपाय सोपा आहे, गेम एक्स्टर्नलवर हलवा आणि परत आणा, म्हणजे सगळं नव्यानं लिहिलं जातं. अर्थात हे करायलाही आधी जागा हवी.

त्या १०० टक्क्यांचं म्हणाल तर तो आकडा लोकांना उगाच घाबरवतो. तो स्पीड नाहीये, "ड्राइव्हकडे सतत काही ना काही काम होतं" एवढाच त्याचा अर्थ. त्याच पानावर खाली "ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम" असतो, मी तिथं बघतो. १०० टक्के आहे आणि शेकडो एमबी जातायत, काही हरकत नाही. १०० टक्के आहे, दोन-तीन एमबी जातायत आणि रिस्पॉन्स टाइम पाचशे, हजार मिलिसेकंद, आणि हे मोठी कॉपी वगैरे काही चालू नसताना होतंय, तर मात्र मामला गंभीर.

तेव्हा मरणाची शक्यता एकदा तपासूनच घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वर जो हेल्थचा टक्का दिसतो त्यावर जाऊ नका, तो मुख्यतः किती लिहून झालंय त्याचा हिशोब असतो, ९४ टक्के दाखवणाऱ्या ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी गेलेल्या मी बघितल्यात. खालच्या यादीत "मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स" बघा, तिथं शून्यच हवं. (ते आकडे हेक्समध्ये असतात, पण सगळी शून्यं असली की वाचायला अडचण नाही.) मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम, तिथं डिस्क किंवा स्टॉरएनव्हीएमईच्या नावानं १२९, १५३ किंवा ७ नंबरच्या नोंदी आहेत का बघा. १२९ म्हणजे ड्राइव्हनं वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजनं तिला रीसेट केलं, १५३ म्हणजे तेच काम परत करून बघावं लागलं, ७ म्हणजे खराब ब्लॉक. वर्षातून एखादी आली तर सोडून द्या. रांगच लागली असेल तर पुढचं वाचणं थांबवा आणि आधी बॅकअप घ्या.

तिथं सगळं स्वच्छ असेल तर पुढं काय करायचं ते आता सांगतो. निदान ८०-१०० जीबी मोकळे करा. मी स्वतः १५ ते २० टक्के मोकळी ठेवतो, क्यूएलसी असेल तर वीसच. न खेळलेले गेम, गेमची रेकॉर्डिंग, विंडोज.ओल्ड (मागच्या विंडोजचा उरलेला फोल्डर), आणि हायबरनेट वापरत नसाल तर त्याची फाईल, तीही बहुतेक रॅमच्या चाळीस टक्क्यांएवढी असते. रिसायकल बिन रिकामी करायला विसरू नका, हे सांगावं लागतं. मग "डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स" उघडून सी ड्राइव्हवर ऑप्टिमाइझ दाबा. नावात डीफ्रॅग असलं तरी समोर "सॉलिड स्टेट ड्राइव्ह" लिहिलेलं असेल तर तिथं ट्रिम होतं, म्हणजे कुठली पानं आता कचरा आहेत हे ड्राइव्हला कळवलं जातं. तिथं चुकून "हार्ड डिस्क" दिसत असेल तर ते वेगळं प्रकरण, ते मला वेगळं विचारा. यानंतर चार्जर लावून, स्लीपवर न जाऊ देता लॅपटॉप तास-दोन तास नुसता पडू द्या, स्क्रीन बंद झाली तरी चालेल. ड्राइव्ह मागच्या मागं आवराआवर करते. लोक इथं घाई करतात, फाईल उडवली की लगेच टेस्ट लावतात आणि म्हणतात काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी क्रिस्टलडिस्कमार्क १६ जीबीच्या फाईलीवर लावा, एकदाच, आणि पन्नास-एक जीबीचा एखादा फोल्डर आत घ्या. कडा आता वीस-पंचवीस जीबीनंतर आला तर माझं निदान बरोबर. नाही आला, पुन्हा पाच जीबीवरच आपटली, तर मग फर्मवेअर अपडेट आणि मॉडेलची नीट चौकशी.

काय करू नका तेही सांगतो. बायोसमध्ये जाऊन रेड किंवा व्हीएमडीचं एएचसीआय करू नका (ह्या ड्राइव्ह चालवायच्या वेगवेगळ्या सेटिंग), कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलेलं असतं, स्पीड नावापुरता वाढतो आणि विंडोज निळी स्क्रीन दाखवून बसतं. बायोसला किंवा एसएसडीच्या फर्मवेअरला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कुठंतरी लिहून ठेवा, नवीन लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि कित्येकांना ते माहीतच नसतं. रजिस्ट्री क्लीनर, एसएसडी बूस्टर, असलं काही नको. आणि फॉरमॅट मारून "बघा, पळायला लागली" म्हणणारे भेटतील, पळणारच, रिकामी केली ना तुम्ही. तीन महिन्यांत गेम भरले की परत तेच. विंडोज अपडेट ठेवा मात्र. २०२१ मध्ये विंडोज ११ नवीन आलं तेव्हा त्यातल्याच एका दोषामुळे सी ड्राइव्हचं लिहिणं मंदावलं होतं, लोकांनी चांगल्या ड्राइव्ह बदलल्या आणि डिसेंबरच्या अपडेटनं ते दुरुस्त झालं.

एवढं करूनही ५१२ पुरत नाही असं दिसलं, आणि आजचे गेम बघता पुरणार नाहीच, तर दुसरा स्लॉट रिकामा आहे का बघून त्यात एक टीबीची टीएलसी टाका आणि गेम तिकडं न्या, जुनी विंडोजपुरती मस्त चालेल. डीरॅम (एसएसडीवरची स्वतःची छोटी मेमरी) नसलेली चालेल का, तर गेमसाठी चालते, टीएलसी असणं जास्त महत्त्वाचं. हीटसिंक चिकटवलेली घेऊ नका, लॅपटॉपचं कव्हर बसणार नाही. आणि कव्हर उघडलं की आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, मग ड्राइव्ह तिरकी सरकवून सोडा, ती स्प्रिंगसारखी वर उचललेली राहील, घाबरू नका, ती दाबून स्क्रूनं बसवायची असते. तो स्क्रू बहुतेक लॅपटॉपमध्ये रिकाम्या स्लॉटच्या टोकाला आधीच लावलेला असतो, आणि लोक तो सोडून खोकं उपसत बसतात.